नमुन्यातलं गाव

नगरसंघाची एक जुनी पद्धत होती. ती कशी पडली हे आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं कुणी मुद्दाम रचल्यासारखं वाटेल.

राज्यातल्या दोनशे त्रेचाळीस लहान-मध्यम नगरपरिषदांनी मिळून हा संघ काढलेला. एकट्या गावाचं मंत्रालयात कोण ऐकतंय? तीस हजार वस्तीच्या गावाचा नगराध्यक्ष निवेदन घेऊन गेला, तर त्याला बाकावर बसवून चहा पाजतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत पाठवतात. तेच निवेदन दोनशे त्रेचाळीस गावांच्या सह्यांनी गेलं की सचिव स्वतः दारापर्यंत सोडायला येतो. म्हणून संघ. गावांच्या वतीनं सरकारशी भांडायचं, वेळ पडली तर कोर्टात जायचं, नव्या मुख्याधिकाऱ्यांना चार गोष्टी शिकवायच्या आणि मुख्य म्हणजे नमुना ठराव पाठवायचे, ही त्याची कामं. एखाद्या विषयावर सगळ्या गावांनी एका सुरात बोलायचं असलं की पुण्याच्या कार्यालयातून ठरावाचा मसुदा जायचा. गावानं आपलं नाव घालायचं, सूचक-अनुमोदक लिहायचे, सर्वसाधारण सभेत हात वर करायचे. झालं काम.

पूर्वी नमुन्यात गावाच्या नावाच्या जागी टिंबं असायची. एका वर्षी नऊ नगरपरिषदांनी टिंबांसकट ठराव सर्वानुमते मंजूर केले! कोर्टानं ते उडवून लावले आणि संघाची पेपरात जी शोभा व्हायची ती झाली. तेव्हापासून ठरलं, की नमुन्यात खऱ्या गावाचं नाव लिहायचं, म्हणजे ते बदलण्यापुरता तरी कारकून कागद वाचेल. पण कुणाचं गाव? दुसऱ्याचं लिहावं तर त्याच्या नाकाला मिरच्या झोंबणार. मग मसुदा लिहिणाऱ्यानं स्वतःचंच गाव घालावं, अशी पद्धत पडली.

ज्योत्स्ना टेकाळे एकोणीस वर्षं हे मसुदे लिहीत होती. वय छप्पन, संघाची कार्यकारी सचिव, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. तिचं माहेर लातूरकडचं पिंपळसोंड. त्यामुळे कागदावर पिंपळसोंडनं काय म्हणून करायचं शिल्लक ठेवलं नव्हतं. मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त केला, भाजी मंडई हलवली, जकातीचा निषेध केला, तीन वेळा सौर दिवे लावले. राज्यभरच्या कारकुनांना ते गाव तोंडपाठ होतं, पाहिलेलं मात्र कुणीच नव्हतं.

आणि पिंपळसोंडचा नगराध्यक्ष होता तिचा सख्खा थोरला भाऊ, व्यंकट कानवटे.

फेब्रुवारीत एका मंगळवारी दुपारी, जेवणाचा डबा नुकता उघडला होता, तेव्हा त्याचा फोन आला.

"ज्योती, हे काय आलंय गं?"

"काय आलंय, दादा?"

"सरकारचं पत्र. म्हणे तुमच्या ठरावाप्रमाणे पिंपळसोंड शहर हलवायला मंजुरी दिली आहे, पहिल्या सहा शहरांत आपली निवड झाली आहे, अभिनंदन. अगं, कुणाचं अभिनंदन? आम्ही कधी केला असला ठराव?"

ज्योत्स्नाच्या हातातला घास तसाच राहिला. "दोन तारखेच्या सभेचं इतिवृत्त काढ. संघाकडून आलेला विषय होता का?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"विषय क्रमांक अकरा," व्यंकट म्हणाला. "तूच पाठवलेला की हा. गावाचं नाव घातलेलं, सगळं तयार. बडेबाबू म्हणाले, ताईंचा कागद आहे, ठेवून द्या सभेपुढं. मला वाटलं, पाणीयोजनेचाच काहीतरी असेल. सर्वानुमते झालाय."

"वाचला नाहीस?"

"तुझा कागद मी कधी वाचला होता?"

खरंच होतं ते. बाकीच्या दोनशे बेचाळीस गावांना निदान नाव बदलण्यासाठी कागद वाचावा लागायचा. एका पिंपळसोंडलाच नाव बदलायचं नसायचं. त्यामुळे एकोणीस वर्षं तिथं एकही नमुना कुणी वाचला नव्हता. कुत्र्यांच्या आणि दिव्यांच्या ठरावांनी काही बिघडलं नाही, म्हणून हे आजवर कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"मी बघते," म्हणून तिनं फोन ठेवला. डबा झाकून बाजूला सारला. आपल्याला घाम फुटायला पाहिजे, छातीत धडधडायला पाहिजे, असं तिला वाटलं. पण तसं काही झालं नाही. भिंतीवरच्या राज्याच्या नकाशाकडे बघत ती नुसती बसून राहिली.

आता या सगळ्याच्या मुळाशी जे यंत्र होतं त्याबद्दल सांगायला हवं. त्याचं नाव गुरुत्वमापी. गावोगावचे लोक त्याला पाणीकाटा म्हणायचे, आणि ते नाव जास्त खरं होतं, कारण ते यंत्र जमिनीखालचं पाणी तोलायचं.

तत्त्व तसं सोपं आहे. पृथ्वी आपल्याला खाली ओढते. पायाखाली वजन जास्त असलं की ही ओढ किंचित वाढते, कमी असलं की किंचित घटते. खडकाच्या भेगांमधलं पाणी आटलं की तेवढं वजन कमी झालं. हा फरक भलताच बारीक असतो. पाण्याचा एक मीटर जाडीचा थर नाहीसा झाला, तर ओढ अब्जात जेमतेम त्रेचाळीस भागांनी कमी होते. साधं कुठलं यंत्र हे पकडणार! म्हणून काट्यात एक निर्वात नळी असते. तिच्यात रुबिडियमच्या अणूंचा एवढासा पुंजका लेझरनं इतका गार करतात, की अणू जवळजवळ जागच्या जागी थांबतात. मग त्यांना सोडून देतात आणि ते किती वेगानं खाली पडतात ते दुसऱ्या लेझरनं मोजतात. हेच हजारो वेळा करायचं. त्यातून चंद्र-सूर्याची ओढ वजा करायची, हवेचा दाब वजा करायचा. वर्षातून चार वेळा त्याच दगडावर तोच काटा उभा करायचा. तीन-चार वर्षांत खालचं पाणी भरतंय की सरतंय ते कळतं, आणि जुन्या बोअरच्या नोंदी शेजारी ठेवल्या की किती उरलंय तेही कळतं.

एकट्या लहान नगरपरिषदेच्या आवाक्यातलं हे यंत्र नव्हतं. म्हणून संघानं सगळ्यांच्या वतीनं एक काटा घेतला, तो एका गाडीत बसवला आणि इर्शाद मुजावर नावाच्या मिरजेच्या भूभौतिकीवाल्याच्या ताब्यात दिला. आपल्या गावाखाली काय आहे ते गावाला आधी कळावं, सरकारला मागाहून, एवढाच साधा हेतू. संघाला त्याचा केवढा अभिमान वाटला होता!

पण एकदा तोलता येतं म्हटल्यावर सरकार कशाला गप्प बसतंय? त्यांनी धोरण काढलं. ज्या शहराखालचं पाणी दहा वर्षांत संपणार, तिथं नवी जलवाहिनी टाकायची नाही. ते शहरच उचलून पाण्याजवळ न्यायचं. यादी काटा ठरवेल. तेव्हा संघ उभा राहिला, आणि संघ उभा राहिला म्हणजे ज्योत्स्ना उभी राहिली. चार वर्षं ती भांडली. शेवटी सरकारनं दोन गोष्टी मान्य केल्या. पहिली, गावाच्या सभेनं ठराव केल्याशिवाय एकही शहर हलवायचं नाही. दुसरी, ठराव करणाऱ्या पहिल्या सहा शहरांना एका मोठ्या बंधाऱ्याच्या कालव्यालगत सलग जागा द्यायची, म्हणजे गल्ली तशी गल्ली, शेजारी तोच शेजारी, नगरपरिषदही तीच. सहांपुरतीच जमीन होती. त्यानंतरच्या लोकांना मिळेल तिथं, घरटी वेगळं जायचं होतं.

ठरावाचे नमुने संघानंच द्यायचे ठरलं. ज्योत्स्नानं दोन लिहिले. 'अ' म्हणजे आम्ही आहोत तिथंच राहणार. 'ब' म्हणजे आम्ही समजून-उमजून जायला तयार आहोत. पद्धतीप्रमाणे दोन्हींत नाव पिंपळसोंडचं. दोन्ही एकाच पाकिटात गेले, आणि पिंपळसोंडच्या बडेबाबूंनी, म्हणजे तिथल्या मुख्य कारकुनानं, वरचा कागद सभेपुढं ठेवला. वर 'ब' होता.

दुसऱ्या दिवशी संघाचे अध्यक्ष आप्पा खर्डे कार्यालयात आले. साताऱ्याकडच्या एका गावाचे चार वेळचे नगराध्यक्ष, बोलायला मोकळे, मनानं वाईट नाहीत. त्यांना बातमी लागली होती.

"ताई, तुमचं गाव आहे. मला कळतंय सगळं," ते खुर्ची ओढत म्हणाले. "पण चूक झाली म्हणून संघाचं पत्र गेलं, तर काय होईल? चार वर्षं आपण एकच घोकतोय, ठरावाशिवाय नाही, ठरावाशिवाय नाही. सरकार हसेल की हो! म्हणेल, हे न वाचता गाव विकून मोकळे होतात, आणि यांच्या ठरावाची आम्ही वाट बघायची? ती अट उद्या काढून टाकतील. मग दोनशे त्रेचाळीस गावांना कोण विचारणार?"

"अजून इतिवृत्त कायम व्हायचंय, आप्पा. पाच मार्चला त्यांची सभा आहे. तिथं दुरुस्ती होऊ शकते."

"होऊ शकते. कायद्यानं होते. मी नाही म्हणत नाही." आप्पांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही सांगा, काय करायचं? तुम्ही म्हणाल ते पत्र मी सही करतो."

तिनं सांगायला तोंड उघडलं, पण काही सुचेना. एकोणीस वर्षांत आप्पांना तिनं असं कधी ताटकळत ठेवलं नव्हतं. शेवटी तेच उठले. "विचार करा. घाई नाही," असं म्हणाले. घाई होती, हे दोघांनाही माहीत होतं.

ती दोन आठवडे रोज कार्यालयात गेली. पत्रांवर सह्या केल्या, वाढदिवसाचा केक कापताना टाळ्या वाजवल्या. व्यंकटचे फोन यायचे, ती "बघते" म्हणायची. भावाची दया येत नव्हती, स्वतःचा राग येत नव्हता. आपल्या जागी कुणीतरी दुसरंच माणूस खुर्चीवर बसलंय आणि आपण रजेचा अर्ज न देताच निघून गेलोय, असं काहीतरी तिला वाटत राहायचं. जेवण जात होतं, झोपही लागत होती, आणि त्याचीच तिला भीती वाटत होती.

सव्वीस फेब्रुवारीला सकाळी अकरा वाजता व्यंकट थेट पुण्यात, तिच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. एकसष्ट वर्षांचा आडवा गडी, पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी.

"फोनवर नुसतं बघते, बघते करालीस," तो म्हणाला. "म्हटलं आता समोर बसूनच घेतो पत्र लिहून. लिही. चुकून झाला ठराव म्हणून लिही. दोन ओळींचं काम आहे, तुझ्या डाव्या हातचा मळ."

ज्योत्स्नानं दार लावून घेतलं. कपाटातून एक फाईल काढली आणि आलेखाचा कागद त्याच्यापुढं ठेवला. तो कागद दाखवायला तिला परवानगी नव्हती. गावाचा आकडा एकदा तपासून झाल्यावरच गावाला सांगायचा, असा नियम होता आणि पिंपळसोंडची तपासणी बाकी होती.

"ही आपल्या गावाची रेघ, दादा. चार वर्षांची."

रेघ खाली चालली होती. ती वाचायला विज्ञान शिकावं लागत नव्हतं.

"किती?" व्यंकटनं विचारलं.

"तीन उन्हाळे निघतील. चौथा नाही."

"सगळ्या बोअरचं?"

"सगळ्या बोअरचं. ढोरगल्लीची विहीर, बाजारातला आड, सगळं एकाच खडकातलं आहे."

"आणि पाइपलाइन? नंबर लावलाय आपण."

"नंबर चाळिसावा आहे. वर्षाला तीन होतात. त्यातही ज्या गावाखाली पाणी नाही तिथं टाकायची नाही, असं ठरलंय."

व्यंकट कागदाकडे बघत राहिला. बाहेर कुणीतरी झेरॉक्स मशिनच्या नावानं खडे फोडत होतं.

"आणि ठराव मागं घेतला तर?"

"सहावी जागा जाईल. सातवं गाव तयारच आहे रांगेत. आपण परत ठराव करायचा म्हटलं तर नवीन तारीख पडेल. मग एकत्र नाही जाता येणार. कुणी परभणीला, कुणी नगरला, जागा असेल तसं."

"आणि न वाचता केलाय हे बाहेर आलं तर?"

"कुणीही कोर्टात जाईल. ठराव रद्द."

त्यानं मान हलवली. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "तुला हे कधी कळलं, ज्योती?"

"नऊ जानेवारीला."

"आणि पाकीट कधी पाठवलंस?"

"सोळाला."

"पाकिटात दोन कागद होते, नंतर बघितले मी. 'अ' आधी येतो ना? मग वर 'ब' कसा?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"म्हणजे खरंच माहीत नाही, दादा. सरकारला 'ब' आधी हवा होता, म्हणून तो आधी छापून आला होता. त्यामुळे वर गेला असेल. मी गठ्ठा हातात घेऊन पाकिटात घातला, एवढं आठवतंय. त्यावेळी मनात काय होतं ते आठवत नाही. किती वेळा आठवून बघितलं."

व्यंकट तिच्याकडे बघत होता. लहानपणी ती पाटीवरचं गणित पुसून टाकायची तेव्हा तो असाच बघायचा.

"आम्ही तुझे कागद वाचत नाही, हे तुला ठाऊक होतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. "हो," ती म्हणाली. "ठाऊक होतं."

त्यानं आलेख घडी घालून परत दिला. पिशवीतून करडईच्या भाजीची जुडी काढून टेबलावर ठेवली. "वहिनीनं दिलीय," म्हणाला. दारापाशी जाऊन थांबला.

"ते काट्याचं गाडं घेऊन ये गावात. लोकांसमोर तोल. तुझ्या कागदावर आता मी डोळे झाकून विश्वास ठेवणार नाही."

तो गेला. आता रडू यायला हरकत नाही, असं ज्योत्स्नाला वाटलं. ती वाट बघत बसली. थोड्या वेळानं शिपाई सह्यांची फाईल घेऊन आला.

चार मार्चला इर्शादची गाडी नगरपरिषदेच्या आवारात उभी राहिली. झेंड्याच्या खांबाजवळ फरशीवर तांबड्या रंगाची खूण होती, तिच्यावर त्यानं काटा मांडला. माणसाच्या कमरेएवढा पांढरा डबा. दोनशे माणूस भोवती गोळा झालं.

"कुणी फार हलू नका. मोटारसायकली बंद करा," इर्शाद म्हणाला. त्याला गर्दीची सवय होती. "आत अणू पडतायत."

"किती पडले?" कुणीतरी विचारलं.

"चाचा, ते एका सेकंदाला एकदा पडतात. तीन तास पडतील."

लोक हसले. मग हळूहळू हसणं थांबलं. तीन तास काहीच दिसण्यासारखं नव्हतं. तरी बायका पायऱ्यांवर बसून राहिल्या, पुरुष झाडाखाली उभे राहिले. व्यंकट डब्यासमोर खुर्ची टाकून बसला होता आणि एकदाही उठला नाही. ज्योत्स्ना गाडीच्या सावलीत उभी होती. चारजणी येऊन "कधी आलीस?" म्हणून विचारून गेल्या. तिनं चौघींनाही हसून उत्तर दिलं.

चार वाजता इर्शादनं पडदा सगळ्यांकडे वळवला. नवा ठिपका जुन्या रेघेच्या टोकाला बरोबर बसला होता, उलट जरासा खालीच.

"तीन उन्हाळे," इर्शाद म्हणाला. "जास्तीत जास्त."

कुणी ओरडलं नाही, कुणी शिव्या दिल्या नाहीत. माणसं आपापल्या घराकडे चालू लागली. जाताना एकानं आवारातला ठिबकणारा नळ घट्ट पिळून बंद केला.

पाच मार्चला सर्वसाधारण सभा. एरवी त्या सभेला नगरसेवकच पुरते येत नसत. आज प्रेक्षकांच्या बाकांवर जागा उरली नव्हती, लोक खिडक्यांना धरून उभे होते. ज्योत्स्ना पहिल्या बाकावर होती, शेजारी इर्शाद. तिच्या पर्समध्ये आप्पांच्या सहीचं पत्र होतं. शेवटी तिनं ते लिहून घेतलं होतं. मसुदा लिहिण्यात संघाकडून चूक झाली असून गावाला फेरविचार करू द्यावा, असं त्यात लिहिलेलं होतं. व्यंकटनं मागितलं तर द्यायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं.

"विषय क्रमांक एक," बडेबाबूंनी वाचलं. "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे."

विरोधी पक्षाचा संगमेश्वर हत्ते ताडकन उभा राहिला. तरुण, तापट, पण सरळ माणूस. "अध्यक्ष महोदय, विषय क्रमांक अकराचा खुलासा करा. सभेत हा कागद वाचलाच नव्हता. मी होतो इथं. माझाही हात वर होता, मी कबूल करतो. मला ठाऊक नव्हतं काय आहे ते. तुम्हाला ठाऊक होतं का?"

सगळं सभागृह व्यंकटकडे बघू लागलं. ज्योत्स्नानं पर्सची चेन उघडली.

व्यंकट उठला. त्यानं बडेबाबूंच्या हातातून इतिवृत्ताचं पुस्तक घेतलं आणि विषय क्रमांक अकरा मोठ्यानं वाचला. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, सूचक-अनुमोदकांच्या नावांसकट. एकोणीस वर्षांत संघाचा ठराव त्या सभागृहात पहिल्यांदाच कुणी वाचत होतं. वाचून झाल्यावर त्यानं पुस्तक मिटलं.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

गलका झाला.

"मला आकडा जानेवारीतच कळला होता. माझ्या बहिणीनं सांगितला. मी ठराव वाचला होता, समजून मांडला होता. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही भांडत बसला असता आणि जागा गेली असती. म्हणून नाही सांगितलं. अध्यक्ष म्हणून मला जे दिसलं ते मी केलं."

"आमच्याशी खोटं बोललास!" खिडकीतून कुणीतरी ओरडलं. "आमची घरं, आमची कबरस्तानं, स्मशानं, आणि तू एकटा ठरवणार?" दुसरा म्हणाला, "बहिणीला कळतं, भावाला कळतं, आम्हीच तेवढे बैल!" एक चप्पल त्याच्या सदऱ्याला लागून टेबलावर पडली. व्यंकटनं ती उचलून बाजूला ठेवली. तो ज्योत्स्नाकडे बघत नव्हता.

तो काय करतोय हे तिला कळलं. न वाचता झालेला ठराव कोर्टात टिकणार नव्हता. अध्यक्षानं समजून मांडलेला, मग त्यानं तो लपवला का असेना, आणि आज सभेनं वाचून कायम केलेला टिकणार होता. अख्खं गाव एकत्र जाणार होतं, आणि गाव ज्याच्या नावानं बोटं मोडील असं एक माणूसही त्याच्याबरोबर जाणार होतं. तिनं फक्त उठून पत्र दिलं असतं, हा खोटं बोलतोय, चूक माझी आहे, असं म्हटलं असतं, तर भाऊ सुटला असता. आणि सहावी जागा गेली असती.

मागच्या बाकावरून कलावतीकाकू उठल्या. कानवट्यांच्या भिंतीला भिंत लागून घर असलेल्या, पंच्याहत्तरीच्या. लोक त्यांच्यासाठी गप्प झाले.

"व्यंकटला मी पाळण्यात बघितलंय," काकू म्हणाल्या. "हा असं लपवून ठेवणारा नाही. ज्योत्स्ना, तू सांग माय. तू खोटं बोलणार नाहीस. आधीपासून ठाऊक होतं का त्याला?"

ज्योत्स्ना उभी राहिली. आवाज स्वच्छ आला. सभांमध्ये बोलायची तिला सवय होती.

"हो, काकू," ती म्हणाली. "ठाऊक होतं."

काकू पदर सावरून बाकाबाहेर आल्या आणि व्यंकटच्या टेबलासमोरून, त्याच्याकडे न बघता, दाराबाहेर गेल्या. त्यांच्या पाठोपाठ बाकं रिकामी होऊ लागली.

उरलेल्या सतरा नगरसेवकांत मतं पडली. नऊ विरुद्ध आठ. हत्ते आधी विरोधात बसला होता. रेघ त्यानंही काल पाहिली होती. शेवटच्या क्षणी त्यानं ठरावाच्या बाजूनं हात वर केला आणि तो तसाच धरून खाली मान घालून रडला.

बाहेर दुपारचं ऊन कडक पडलं होतं. इर्शाद गाडी काढायला पुढं गेला. व्यंकट मागच्या दारानं बाहेर आला, सदऱ्यावर चपलेची धूळ तशीच. ज्योत्स्ना त्याच्याजवळ गेली.

"दादा."

"पत्र आणलं होतंस ना?" त्यानं विचारलं. "पर्स उघडलेली बघितली मी."

"आणलं होतं."

"दिलं नाहीस, बरं केलंस." त्याचा आवाज साधा होता, बाजारातून काय आणायचं ते सांगताना असतो तसा. "आता घरी येऊ नको, ज्योती. आज नाही, पुढंही नाही. वहिनीला मी काहीतरी सांगीन."

"नवीन गावात आल्यावर..."

"तिथंही नको."

तिनं मान हलवली. तो वळला आणि बाजारपेठेच्या रस्त्यानं चालू लागला. दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं बसली होती. तो जवळ आला की एकेकजण तोंड फिरवत होता. एरवी हाच रस्ता पार करायला त्याला तासभर लागायचा, इतके लोक थांबवायचे. आज तो पाच मिनिटांत पार झाला आणि वळणावर दिसेनासा झाला.

इर्शादनं गाडीचं दार उघडून धरलं. ती बसली, पट्टा लावला. गाडी गावाबाहेर पडली.

"मॅडम," शेवटी त्यानं विचारलं, "पुण्याला काय कळवायचं?"

"ठराव कायम झाला म्हणून कळव," ज्योत्स्ना म्हणाली.